निळा लॉट राहिला, की ठेवून घेतला?

स्पॅनिशमध्ये 'केदार' नावाचं एक क्रियापद आहे. उच्चार आपल्या केदारनाथातल्या केदारसारखाच, फक्त जोर शेवटच्या 'दार'वर द्यायचा आणि मधला द जरा सैल सोडायचा. शिकवणीच्या पुस्तकात त्याच्यासमोर अर्थांची रांग असते: उरणे, राहणे, थांबणे, ठरणे, होणे, अंगाला बसणे, अमुक ठिकाणी असणे. परीक्षेपुरती ती पाठ केली की भागतं. पण एखाद्या वाक्यावर कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात आणि त्या वाक्याचं इंग्रजी तुम्हाला करायचं असतं, तेव्हा त्या रांगेतून नेमकं काय उचलायचं हे कुठलंच पुस्तक सांगत नाही. सोलापुरातल्या एका टॉवेल कारखान्याचा स्पॅनिश पत्रव्यवहार इंग्रजीत आणताना मी या एका क्रियापदाशी जितकी झुंजले तितकी दुसऱ्या कशाशीही झुंजले नाही. ते काम कसं झालं ते लिहून ठेवते. स्पॅनिश शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना त्याचा उपयोग व्हावा, आणि परदेशात माल पाठवणाऱ्या कारखानदारांनाही.

कारखाना अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला. मालकांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. घर पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातलं. घरात तेलुगू, बाजारात मराठी, विजापूरकडचा माणूस आला की कन्नड. सोलापुरात याचं कोणाला नवल नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पण मानांकन आहे म्हणून माल आपोआप बोटीत चढत नाही. अण्णांच्या मुलाने खटपट करून मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरातला एक घाऊक व्यापारी गाठला. तो हॉटेलांना टॉवेल पुरवतो. माल न्हावा शेव्याहून निघायचा, पॅसिफिक किनाऱ्यावरच्या मान्सानियो बंदरात उतरायचा, तिथून रस्त्याने ग्वादालाहाराला. पहिली ऑर्डर सुरळीत गेली. दुसरीत पांढरा आणि निळा असे दोन लॉट होते आणि निळ्यावरून बिनसलं. पैसे थकले. निर्यात विम्याचा दावा करायची तयारी सुरू झाली आणि त्यासाठी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत हवा होता. व्यापारी आणि त्याचा हिशेबनीस दोघंही स्पॅनिशशिवाय काही लिहीत नव्हते. इतके दिवस अण्णांच्या मुलाने मोबाइलमधल्या यांत्रिक भाषांतरावर वेळ मारून नेली होती.

मी पुण्यात स्पॅनिश शिकले आणि आता सोलापुरात घरूनच भाषांतराची कामं करते. छापील ई-मेल आणि व्हॉट्सॲप संदेशांचा गठ्ठा माझ्या हातात देताना अण्णा म्हणाले, "ताई, बाकीचं सावकाश करा. त्यानं निळा माल ठेवून घेतलाय का नाही, तेवढं आधी सांगा. काय म्हणायलाय ओ तो?"

ठेवून घेतला असेल तर माल स्वीकारला, म्हणजे पैसे द्यायला तो बांधील. नसेल ठेवला तर माल कोणाचा आणि पडून कोणाच्या गोदामात, हा वेगळाच वाद. अण्णांचा प्रश्न अगदी बरोबर होता. पण ज्या वाक्यात त्याचं उत्तर होतं त्या वाक्यातही 'केदार'च बसलेला होता.

मी कुठलाही गठ्ठा आधी नुसता वाचून काढते, काहीही न लिहिता. दुसऱ्या वाचनात केदारच्या रूपांखाली पेन्सिलीने रेघ मारत गेले. केदा, केदान, केदो, केदामोस, केदारोन. पानं रेघांनी भरली. ते साहजिकच आहे. किती माल उरला, काय ठरलं, रंग कसा आला, कोणाकडे किती बाकी, गोदाम कुठे आहे, या सगळ्याला स्पॅनिश बोलणारा माणूस हेच एक क्रियापद वापरतो. 'बँक कुठे आहे?' हे 'दोंदे केदा एल बान्को?' असं विचारतात, आणि 'शर्ट तुला छान बसतो' हे 'ते केदा बिएन' असं सांगतात. आपण मराठीत जिथे आठ वेगळी क्रियापदं घेऊ तिथे त्यांचं एकावर भागतं.

या शब्दाच्या मुळाशी लॅटिन 'किएतारे' आहे, म्हणजे शांत करणे, निववणे. इंग्रजीतला 'क्वायट' याच कुळातला. मला ही व्युत्पत्ती फार कामाला आली. काहीतरी घडतं, उलथापालथ होते, मग सगळं निवतं. निवल्यावर जे जसं असतं ते 'केदार' सांगतो. काय घडलं हे तो सांगत नाही. कोणामुळे घडलं हेही नाही. पूर्वी कसं होतं हे तर मुळीच नाही. इंग्रजी क्रियापदांना मात्र यातलं काही ना काही सांगावंच लागतं. 'रिमेन' म्हटलं की आधीही तसंच होतं असा अर्थ येतो. 'बिकम' म्हटलं की आधी तसं नव्हतं असा. 'कीप' म्हटलं की कोणाची तरी इच्छा आली. म्हणून मी रेघ मारलेल्या प्रत्येक जागी समासात एक प्रश्न लिहिला: याच्या आधी काय झालं? त्याचं उत्तर पत्रात दुसरीकडे सापडलं तरच इंग्रजी क्रियापद निवडायचं, असं ठरवलं.

सगळ्यात सोपा होता तो करारनामा. तिथे एक कलम होतं: 'केदा आ कार्गो देल बेंदेदोर एल फ्लेते आस्ता मान्सानियो.' मान्सानियोपर्यंतचं भाडं विक्रेत्याकडे राहील. इथे मला शब्दकोश उघडावाच लागला नाही, कारण आपल्या कायद्याच्या मराठीतही हेच चालतं. जबाबदारी अमुकाची राहील, अंतिम निर्णय आयोजकांचा राहील, दुकान सोमवारी बंद राहील. या 'राहील'मध्ये उरण्याचा किंवा थांबण्याचा काही संबंध नाही, तो नियम घालून देतो. स्पॅनिश 'केदा' तिथे नेमकं तेच करतो. इंग्रजीत ते काम 'शॅल'कडे असतं: 'शॅल बी बोर्न बाय द सेलर'. यांत्रिक भाषांतराने तिथे 'रिमेन्स' लिहिलं होतं. त्यामुळे भाडं आधीपासून विक्रेत्याकडे होतं आणि आताही आहे असा विचित्र सूर लागत होता.

मराठीच्या 'राहणे'ने मला अनेक ठिकाणी वाट दाखवली. पुण्याच्या वर्गात एकदा बाईंनी 'होणे'साठी स्पॅनिशमध्ये किती क्रियापदं आहेत ते फळ्यावर मांडलं होतं. तात्पुरता बदल असेल तर 'पोनेर्से', चेहरा लाल होतो तसा. स्वभावच पालटला तर 'बोल्बेर्से'. स्वतःच्या कष्टाने काही बनलात, डॉक्टर, वकील, तर 'आसेर्से'. आणि आपल्यावर काहीतरी येऊन गेलं आणि आता आपण असे आहोत, आंधळे, विधवा, पोरके, तर 'केदार्से'. दिवस राहणे हे तर स्पॅनिशमध्ये 'केदार एम्बारासादा'. वर्गातल्या सगळ्या मराठी मुली एकदम सरसावून बसल्या, कारण आपणही तिथे 'राहणे'च म्हणतो. इंग्रजीला तिथे 'गेट' किंवा 'बिकम' घ्यावं लागतं आणि त्यातली ती ठरून गेल्याची, आता मागे न फिरण्याची छटा निघून जाते. मला त्याची अजूनही हळहळ वाटते.

पण 'राहणे' सगळीकडे चालत नाही, हे गठ्ठ्यातल्या एका छोट्याशा ओळीने दाखवलं. पांढऱ्या मालाबद्दल लिहिलं होतं: 'केदान ४० काहास.' काहास म्हणजे खोकी. ४० खोकी राहिली, की ४० खोकी उरली? मराठीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राहिली म्हणजे अजून यायची आहेत, काम अपुरं आहे. उरली म्हणजे विकून, वाटून झाल्यावर शिल्लक आहेत. अण्णांना मी हे सांगत होते तर त्यांनी तिथल्या तिथे मुनीमजींना तेलुगूत विचारलं, "मिगिलिंदा, उंडिपोयिंदा?" तेलुगूतही उरणं आणि राहून जाणं यांना वेगळे शब्द आहेत, हे मला तेव्हा कळलं. स्पॅनिशमध्ये आणि इंग्रजीत मात्र एकाच शब्दावर भागवतात. 'फॉर्टी बॉक्सेस आर लेफ्ट' हे दोन्हीकडे झुकतं. मुनीमजींनी पॅकिंग लिस्ट काढली. त्या संदेशाच्या तारखेपूर्वीच पांढरा माल पूर्ण पोचल्याची नोंद निघाली. म्हणजे ती खोकी उरलेली होती, व्यापाऱ्याच्या गोदामात, न विकलेली. इंग्रजीत मी तसं लिहिलं, पण 'इन स्टॉक' हे शब्द चौकटी कंसात घातले, कारण ते मूळ ओळीत नव्हते. वाचणाऱ्याला हे कळलं पाहिजे की इथे भाषांतरकर्तीने पुरावा पाहून भर घातली आहे.

आता टॉवेलच्या तक्रारीकडे येते. ती सगळ्यात महत्त्वाची, आणि माझ्या मते या क्रियापदाचा स्वभाव तिच्याइतका स्पष्ट कुठेच दिसत नाही.

व्यापाऱ्याने लिहिलं होतं: 'ला तोआया केदा तिएसा देस्पुएस देल प्रिमेर लाबादो.' तोआया म्हणजे टॉवेल, तिएसा म्हणजे कडक, ताठ, आणि शेवटचा भाग म्हणजे पहिल्या धुण्यानंतर. मधल्या 'केदा'चं इंग्रजी तीन तऱ्हांनी होतं. 'रिमेन्स स्टिफ': टॉवेल मुळातच कडक होता, धुऊनही गेला नाही. 'बिकम्स स्टिफ': टॉवेल मऊ होता, धुण्याने कडक झाला. 'कम्स आउट स्टिफ': धुऊन काढला तेव्हा कडक निघाला, आधीचं काही म्हणणं नाही. मराठीतही तिन्ही आहेत: कडक राहतो, कडक होतो, कडक निघतो.

वाचणाऱ्याला हा शब्दांचा कीस वाटेल, म्हणून यामागचं कारण सांगते. टेरी टॉवेल दोन ताण्यांवर, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दोन संचांवर, विणला जातो. जमिनीचा ताणा घट्ट असतो आणि लूपचा ताणा ढिला सोडलेला असतो. आडवे धागे आधी थोडे अलीकडे ठोकून मग एकदम पुढे ढकलले की त्या ढिल्या धाग्याचे लूप उभे राहतात. हे लूप पाणी शोषतात. माल विणून, धुऊन, रंगवून झाला की हाताला मऊ लागावा म्हणून सॉफ्टनर देतात. सॉफ्टनर जास्त दिला तर टॉवेल दुकानात मखमलीसारखा लागतो पण पाणी नीट टिपत नाही, आणि धुण्यात सॉफ्टनर निघून गेला की खरा पोत उघडा पडतो. दुसरीकडे, ग्राहकाकडचं पाणी जड असेल, क्षार जास्त असतील, तर चांगला टॉवेलही धुऊन वाळल्यावर कडक होतो. सोलापुरात बोअरच्या पाण्यावर कपडे धुणाऱ्या घरांत हे वेगळं सांगायला नको. तेव्हा 'कडक राहतो' म्हटलं तर दोष कारखान्याचा. 'कडक होतो' म्हटलं तर दोष कदाचित धुणाऱ्याचा, कदाचित फिनिशिंगचा. व्यापाऱ्याने यातलं काहीच म्हटलं नव्हतं. त्याने फक्त निकाल सांगितला होता: धुण्याच्या दुसऱ्या टोकाला टॉवेल ताठ आहे.

अण्णांच्या मुलाला 'बिकम्स' हवं होतं. त्याचं म्हणणं, हॉटेलच्या लाँड्रीचं पाणी खराब असणार. तसं असेलही. पण ते त्याने वेगळ्या पत्रात मांडावं, पुराव्यासह. व्यापाऱ्याच्या तोंडी घालू नये. मी 'कम्स आउट स्टिफ आफ्टर द फर्स्ट वॉश' लिहिलं आणि त्यावर ठाम राहिले. मूळ लेखक जितकं बोलला आहे तितकंच भाषांतराने बोलावं, कमी नाही आणि जास्तही नाही, यावर माझी श्रद्धा आहे. पैसे देणारा माणूस समोर बसलेला असतो तेव्हा ती श्रद्धा टिकवणं सोपं नसतं, हेही खरं.

रंगाची ओळ त्या मानाने सरळ होती. 'एल आसुल केदो मास ओस्कुरो के ला मुएस्त्रा.' निळा रंग नमुन्यापेक्षा गडद आला. इथे 'आधी काय झालं' याचं उत्तर वाक्यातच होतं, रंगाई झाली. म्हणून 'केम आउट डार्कर दॅन द सॅम्पल'.

याच 'केदो'वरून मात्र मी दुसऱ्या एका ओळीपाशी अडले. 'केदो' दोन आहेत. पहिल्या अक्षरावर जोर दिला की 'मी राहतो', शेवटच्या अक्षरावर दिला की 'तो झाला, ते राहिलं'. लिहिताना भेद फक्त शेवटच्या स्वरावरच्या एका तिरप्या रेघेचा. हिशेबनीस मोबाइलवर घाईत लिहायचा आणि रेघा गाळायचा. त्याचा एक संदेश असा: 'रेसिबी ला फाक्तुरा. केदो पेंदिएन्ते.' बीजक मिळालं, एवढं नक्की. पुढचं? रेघ नसलेलं धरलं तर 'मी वाट पाहतो आहे, लक्ष ठेवून आहे' असा मेक्सिकोतला अगदी रोजचा, सभ्य समारोप. रेघ सुटली आहे असं धरलं तर 'ते प्रलंबित राहिलं'. पहिल्यात नम्रता आहे आणि दुसऱ्यात थकबाकीची कबुली आहे. मी त्याचे सगळे संदेश एकापुढे एक मांडले. जवळजवळ प्रत्येकाच्या शेवटी तो हेच दोन शब्द लिहीत होता, मग विषय पैशांचा असो वा नमुन्यांचा. तो त्याचा निरोप घ्यायचा रिवाज होता. तिथे 'आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू' एवढंच लिहिलं.

नमुन्यांबद्दलची एक ओळ होती: 'केदारोन दे मांदार लास मुएस्त्रास.' मेक्सिकोत 'केदार दे' म्हणजे अमुक करायचं कबूल करणे. स्पेनमध्ये अशा ठिकाणी 'केदार एन' म्हणतात. नमुने पाठवायचं ठरलं होतं. पण पाठवणार कोण होतं? स्पॅनिशमध्ये 'तुम्ही' आणि 'ते' यांच्या क्रियापदाचा शेवट एकच, आणि कर्ता गाळायची सवय. तुम्ही पाठवणार होतात, की ते, म्हणजे रंगाईवाले, पाठवणार होते? 'पाठवायचं ठरलं होतं' असं मराठीत आपणही कर्त्याला आडोशाला ठेवून बोलू शकतो. इंग्रजी ते चालवून घेत नाही. मागच्या ई-मेलमध्ये अण्णांच्या मुलाने स्वतःच नमुने पाठवतो असं लिहिलेलं सापडलं, तेव्हा 'यू' नक्की झालं. मग क्रियापद. 'प्रॉमिस्ड' फार जड, 'वेअर सपोज्ड टु' मध्ये थोडा टोमणा येतो. 'हॅड अग्रीड टु सेंड' घेतलं.

मुदतीच्या ओळीने मात्र मला बराच वेळ अडवलं. 'केदामोस एन ६० दीयास.' साठ दिवसांची उधारी. स्पॅनिशमध्ये ज्या क्रियापदांच्या शेवटी 'आर' असतो त्यांतल्या बहुतेकांचं 'आम्ही'चं रूप वर्तमानात आणि भूतकाळात एकच असतं. केदामोस म्हणजे 'आपलं ठरलं होतं' आणि केदामोस म्हणजेच 'मग साठ दिवसांवर ठरवतो'. पहिल्या अर्थाने तो जुन्या कराराची आठवण करून देतो, दुसऱ्या अर्थाने नवा प्रस्ताव मांडतो. करारनाम्यात ४५ दिवस होते. दुसरा अर्थ घेतला तर मुदत वाढवून मागितली असं होतं. पहिला घेतला तर करारानंतर तोंडी काहीतरी बोलणं झालं होतं असा दावा होतो. फोनवर असं बोलणं झाल्याचं अण्णांच्या मुलाला अंधुक आठवत होतं. अंधुक आठवणीवर मी भाषांतराचा काळ ठरवू शकत नव्हते. पण त्याच संदेशात पुढे 'कोमो लो आब्लामोस एल लुनेस' असं होतं, सोमवारी बोलल्याप्रमाणे. हा 'आब्लामोस'ही तसाच दुहेरी आहे, पण संदेश गुरुवारचा होता. गेला सोमवार उलटून गेलेला. त्यावरून भूतकाळ पक्का झाला: 'वी अग्रीड ऑन सिक्स्टी डेज'. अण्णांना हे रुचलं नाही, कारण त्यांच्या हिशेबाने पैसे आधीच थकलेले होते. पण कागद तसंच सांगत होता.

'केदामोस मुय माल कोन एल ओतेल' ही ओळ मला वाचताक्षणी भिडली. आमची हॉटेलवाल्यापुढे मान खाली गेली. आम्हाला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. मराठीत हे किती सहज येतं! इंग्रजीत दोन वाटा होत्या. 'वी लेट द होटेल डाउन' म्हटलं तर व्यापारी स्वतःची चूक मान्य करतो असं होतं. 'वी वेअर लेफ्ट लुकिंग बॅड' म्हटलं तर फक्त परिस्थिती सांगतो. केदार निकाल सांगतो, दोष नाही, म्हणून दुसरी.

आणि मग निळा लॉट. फोनवरच्या लांब बोलण्यानंतर आलेला व्हॉट्सॲप संदेश, मागेपुढे काही नाही: 'नोस केदामोस कोन एल लोते आसुल.' यांत्रिक भाषांतर: 'वी स्टेड विथ द ब्लू लॉट', आम्ही निळ्या लॉटबरोबर राहिलो. त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नाही. खरे अर्थ तीन. निळा लॉट आम्ही ठेवून घेतला. निळा लॉट आम्ही ठेवून घेतो. निळा लॉट आमच्या गळ्यात पडला, विकला न जाता. 'केदार्से कोन' म्हणजे एरवी ठेवून घेणेच. दुकानात सुटे पैसे परत नको असतील तर याच क्रियापदाने 'ठेवा' म्हणतात. पण माल हातात पडून राहिला, आता आमच्याच माथी, हेही लोक असंच बोलतात.

"मग ताई, 'केप्ट' लिहा की," अण्णा म्हणाले. "चूक तर नाही ना ते?"

चूक नव्हतं. पण ते एकच उत्तर होतं आणि वाक्यात तीन होती. विमा कंपनीने स्पॅनिश जाणणारा माणूस बसवला आणि त्याने या एका ओळीवर बोट ठेवलं, तर बाकीच्या सगळ्या पानांवरचा विश्वास उडेल, हे मी अण्णांना सांगितलं. त्यांना ते पटलं. सुताचा काउंट, म्हणजे धाग्याची जाडी-बारीकी, लपवला तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी म्हटलं, तुमची हरकत नसेल तर आपण सरळ त्यालाच विचारू. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. उलटं उत्तर आलं तर? मग म्हणाले, "विचारा. काय असंल ते असंल."

मुलाच्या ई-मेलवरून मी हिशेबनिसाला स्पॅनिशमध्ये लिहिलं. भांडणाचा सूर येऊ नये म्हणून आधी त्याच्या मागच्या पत्राचे आभार, मग प्रश्न: 'से लो केदान, ओ से लेस केदो?' म्हणजे तुम्ही तो ठेवून घेताय, की तो तुमच्याकडे पडून राहिलाय? दोन्हीकडे तेच क्रियापद, फक्त त्याचं रूप आणि भोवतालची सर्वनामं हललेली. पहिल्यात ठेवणारे 'तुम्ही' आणि माल कर्म. दुसऱ्यात माल हाच कर्ता, आणि 'तुम्हाला' नुसते भोगणारे, आपल्या 'मला आवडतं', 'मला लागलं'मधल्या 'मला'सारखे. मराठी माणसाला ही रचना चटकन समजते. इंग्रजी मुलांना ती शिकवताना घाम फुटतो, असं पुण्यातल्या बाई सांगायच्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, या वेळी रेघेसकट: 'से नोस केदो. पेरो कोन देस्कुएन्तो नोस लो केदामोस.' आमच्याकडे पडून राहिला. पण सवलत दिलीत तर ठेवून घेतो.

अण्णांनी दोन्ही वाक्यं मला पुन्हा सांगायला लावली, एकदा मराठीत आणि एकदा माझ्या मोडक्या तेलुगूत. पहिलं वाक्य त्यांच्या विरुद्ध होतं आणि दुसरं त्यांच्या बाजूचं. मूळ व्हॉट्सॲप ओळीच्या इंग्रजीखाली मी टीप जोडली: या वाक्याचे अमुक अर्थ संभवतात, लेखकाने नंतरच्या पत्रात पुढीलप्रमाणे खुलासा केला आहे. खुलाशाचं इंग्रजी: 'इट वॉज लेफ्ट ऑन अवर हँड्स. बट ॲट अ डिस्काउंट वी विल कीप इट.' स्पॅनिशमधलं एक क्रियापद इंग्रजीत दोन होऊन उभं राहिलं, आणि या वेळी ती निवड माझी नव्हती, लिहिणाऱ्याची होती.

दावा दाखल करायची वेळ आली नाही. सवलत किती यावर दोन्हीकडून ताणाताण झाली. ती पत्रंही मीच केली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. एकदा 'या केदो एल पागो' असा संदेश आला आणि कारखान्यात पेढे आणायची भाषा सुरू झाली. मेक्सिकोत 'या केदो' म्हणजे आपलं 'झालं!'. काम उरकलं की तोंडातून निघतं ते. पण पैसे भरले असं झालं, की भरायची व्यवस्था झाली असं झालं, हे 'झालं'मध्ये कळत नाही, तसं त्यातही कळत नाही. बँकेत विचारून घ्या, मगच पेढे, असं मी म्हटलं. जमा व्हायला पुढे काही दिवस लागले.

शेवटच्या पत्रात व्यापाऱ्याने स्वतः लिहिलं होतं: 'कोन एस्ते पागो केदामोस आ मानो.' या पेमेंटने आपली फिटंफाट. इंग्रजीत याला 'वी आर क्विट्स' असा शब्दप्रयोग आहे, आणि तो 'क्विट्स'ही त्याच लॅटिन शांततेच्या कुळातला, केदारचा चुलतभाऊ. मोह फार झाला. पण तो बोलीतला आहे आणि हा कागद फायलीला लागणार होता. वर 'केदामोस' पुन्हा तोच दुहेरी काळाचा. मात्र सुरुवातीच्या 'या पेमेंटने'मुळे इथे वर्तमानकाळाला दुसरा पर्याय नव्हता. 'विथ धिस पेमेंट, द अकाउंट बिटवीन अस इज सेटल्ड' असं लिहून, सही करून मी गठ्ठा अण्णांकडे परत दिला.